दहा सारखे पाम

सोसायटीच्या वतीने पाम आणायला मी पुण्याच्या सोलापूर रस्त्यावरच्या एका नर्सरीत गेलो होतो. समितीचा ठराव एका ओळीचा होता. फाटकापासून क्लब हाउसपर्यंत दहा पाम, सगळे सारखे. नर्सरीवाल्या दादांनी फॉक्सटेलच्या लॉटमधून दहा पिशव्या काढून ओळीत मांडल्या. उंची कमरेएवढी, प्रत्येकाला पाच-सहा पानं, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं. पैसे मोजून घेताना दादा म्हणाले, "आज सारखे आहेत, साहेब. पाच वर्षांनी मात्र मला फोन करू नका."

फोन करायची वेळ तीन वर्षांतच आली. केला नाही, कारण तोवर पामांविषयी थोडंफार वाचून झालं होतं आणि चूक दादांची नव्हती हे कळलं होतं.

झाड हुबेहूब सारखं हवं तर कलम बांधावं, हे कोकणात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. हापूसची कोय पेरली तर काय निघेल याचा भरवसा नाही, म्हणून हापूसचीच काडी घेऊन ती दुसऱ्या रोपावर बांधायची. काडी नि रोप एकजीव होतात ते सालीखालच्या एका पातळ, ओलसर थरामुळे. हाच थर आतल्या अंगाला लाकूड आणि बाहेरच्या अंगाला साल घडवत राहतो. वनस्पतिशास्त्रात त्याला कॅम्बियम म्हणतात. पामांच्या खोडात हा थर नसतोच. तोडलेल्या माडाचा ओंडका कधी बघा. सागाच्या ओंडक्यावर दिसतात तशी वर्षांची कडी तिथे नसतात, फिकट गाभ्यात नुसते गडद ठिपके विखुरलेले असतात. उसाचं कांडं आडवं कापलं की दिसतात तसे. ऊस, ज्वारी, बांबू, केळ आणि माड ही सगळी एकदल गटातली मंडळी, त्यामुळे हे साम्य योगायोगाचं नाही. माडावर माडाचं कलम होत नाही ते यामुळे. फांदी तोडून लावावी तर फांद्याही नाहीत. वाढीचं सगळं भांडवल शेंड्यातल्या एका कोंबात असतं, तो मेला की झाड मेलं.

बुंध्याशी पिल्लं फुटणारे पाम त्यातल्या त्यात सुटले. खजूर, रॅपिस किंवा आपल्या दिवाणखान्यातला अरेका पाम यांची पिल्लं वेगळी करून आईची नक्कल मिळवता येते. (जाता जाता, या 'अरेका'चा खऱ्या अरेकाशी, म्हणजे आपल्या पोफळीशी, फारच लांबचा संबंध आहे. तो मादागास्करचा.) एकाच खोडाचे जे पाम आहेत, म्हणजे फॉक्सटेल, रॉयल, बिस्मार्क, ते मात्र नर्सरीत बियांपासूनच येतात आणि प्रत्येक बी हा आईबापांच्या गुणांचा नवा डाव असतो. नर्सरीत ज्याला लॉट म्हणतात तो म्हणजे भावंडांचा, बऱ्याचदा चुलत-मावस भावंडांचाही, घोळका.

फॉक्सटेलच्या बाबतीत हे कुटुंब खरं तर लहान आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या उत्तरेला केप मेलव्हिल नावाचा भाग आहे. तिथे काळपट ग्रॅनाइटच्या शिळांच्या राशींमध्ये हा पाम वाढतो आणि जगात दुसरीकडे कुठेही तो आपण होऊन उगवत नाही. वोडयेटिया बायफर्काटा हे शास्त्रीय नाव त्याला 1983 मध्ये मिळालं. नावातला वोडयेटी हा तिथला आदिवासी जाणकार, या झाडाची परंपरागत माहिती बाळगणाऱ्यांपैकी शेवटचा. नाव जाहीर झाल्यावर दहाएक वर्षांच्या आत त्या रानातून होणारी बियांची चोरी हे ऑस्ट्रेलियातलं गाजलेलं प्रकरण झालं. आज आयटी पार्कपासून हायवेवरच्या धाब्यापर्यंत जिथे जिथे फॉक्सटेल उभे आहेत, त्या सगळ्यांचं मूळ गाव ते एक. इतकं जवळचं नातं असूनही माझे दहा सारखे निघाले नाहीत. म्हणजे सगळं खापर रक्तावर फोडून चालणार नव्हतं.

आमच्या ओळीत घडलं ते असं. फाटकाकडचे चार पाम जिथे लागले तिथे बांधकामाचा राडारोडा पुरलेला होता. क्लब हाउसकडच्या तिघांना पाण्याच्या टाकीची गळती लाभली. टाकीजवळच्या तिघांचं खोड घागरीसारखं भरलं, फाटकाकडचे चार काठीसारखे राहिले. "खत घाला, होतील जाड," असं समितीतल्या एका काकांचं म्हणणं पडलं. आंबे असते तर झाले असते.

वड, आंबा, कडुनिंब आधी काटकुळे वाढतात आणि मग वर्षानुवर्षं घेर वाढवत राहतात. पामचा हिशेब उलटा. तो पहिली काही वर्षं जमिनीशी बसून फक्त रुंदी कमावतो, वर नुसता पानांचा झुबका दिसतो आणि मालकाला वाटतं की झाड वाढतच नाही. रुंदी पुरी झाली की मगच तो उंचीला लागतो. त्यानंतर खोडावर लाकडाचे नवे थर चढत नाहीत, फार तर काही जातींत आतल्या जुन्या पेशी थोड्या फुगतात. ज्या वर्षी शेंड्याला जेवढं खायला-प्यायला मिळालं, तेवढ्या जाडीचा तुकडा त्या वर्षाच्या नावाने खोडात बसतो आणि कायमचा बसतो. पुढे सुगी आली की वरचा तुकडा जाड होतो, खालचा बारीक तो बारीकच. त्यामुळे रस्त्याच्या दुभाजकावर मध्येच कमरेत आवळलेला रॉयल पाम दिसला की समजावं, त्याचा शेंडा त्या उंचीवर होता तेव्हा त्याचे हाल झाले होते. बहुतेक वेळा ती खूण बदलीची असते. मोठं झाड मुळं तोडून ट्रकमधून आणलं, दोन वर्षं ते कसंबसं तगलं, मग सावरलं. माणसांची बदलीची वर्षं चेहऱ्यावरून पुसली तरी जातात. इथे ती सोय नाही.

जखमांचंही तेच. कॅम्बियम नसल्यामुळे पामची जखम भरून येत नाही. माडावर चढण्यासाठी पाडलेल्या खाचा आजोबांनी पाडल्या असल्या तरी नातवाला पाय ठेवायला तशाच मिळतात. शिंदीचं झाड तर उघडी वहीच. रसासाठी दरवर्षी शेंड्याखाली एका बाजूला तासायचं, पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूला. त्यामुळे जुन्या शिंदीचं खोड नागमोडी होतं आणि ते टप्पे मोजून झाड किती वर्षं तासलं गेलं हे सांगता येतं. हीच शिंदी, आपण ओढ्याकाठी दुर्लक्षित ठेवलेली, अमेरिकेत फ्लोरिडामध्ये शोभेचं झाड म्हणून महागड्या हॉटेलांसमोर उभी असते. तिथे तिला तासत नाहीत. तिथलं सरळसोट खोड पाहिलं तर आपल्याकडच्या माणसाला ती शिंदी आहे हे पटकन ओळखूही येणार नाही.

खोडाच्या आकाराने शास्त्रज्ञांनाही चकवलं आहे. रॉयल पाम हा मूळचा क्यूबा आणि आसपासच्या प्रदेशातला. (आपल्याकडे सर्रास ज्याला बॉटल पाम म्हणतात तो बहुधा हाच असतो. खरा बॉटल पाम बुटका आणि मॉरिशसकडचा. त्याच्याकडे शेवटी यायचंच आहे.) रॉयलच्या खोडाला मध्यावर फुगवटा असतो, पण कुणाला कमरेशी, कुणाला छातीशी, कुणाला दोन-दोन. फ्लोरिडातली झाडं जास्त उंच आणि कमी फुगीर म्हणून ती वेगळी जात समजली जात असे आणि तिला वेगळं नावही होतं. 1996 मध्ये स्कॉट झोना यांनी या सगळ्या कुळाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला आणि फ्लोरिडाची वेगळी जात रद्द करून ती क्यूबाच्या जातीत घातली. फरक दिसत होते, पण जात वेगळी ठरावी असे ते नव्हते.

आता एक उलट उदाहरण. ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरोच्या वनस्पती उद्यानात उंच पामांचा प्रसिद्ध दुतर्फा रस्ता आहे. समितीवाल्यांनी भिंतीवर चित्र लावावं असा सरळ, एकसारखा. हा रॉयलचा भाऊबंद, रॉयस्टोनिया ओलेरेशिया. त्याला मधला फुगवटा नसतो. पोर्तुगालचा राजपुत्र जुआंव याने 1809 मध्ये तिथे लावलेलं पहिलं झाड 'पाल्मा मातेर', म्हणजे पामांची आई, म्हणून ओळखलं गेलं आणि 1972 मध्ये वीज पडून मेलं. बाकीची प्रजा तिचीच मानतात. बिया बाहेर जाऊ नयेत म्हणून त्या जाळून टाकत आणि गुलाम रात्री झाडावर चढून त्या चोरून विकत, अशी दंतकथा तिथे सांगतात. दंतकथा सोडा, पण एका आईची लेकरं, एकच माती आणि एकच माळी असं तिन्ही जुळून आल्यावर सारखेपणा किती येतो, हे तिथे दिसतं. आमच्याकडे यातलं एकही नव्हतं.

वय हा सगळ्यांत साधा फरक आणि गिऱ्हाईक सगळ्यांत जास्त फसतं ते त्यातच. नारळाला मोड आला की पहिली पानं अखंड असतात, केळीच्या पानाच्या छोट्या आवृत्तीसारखी. झावळीची पाती पुढच्या पानांत सुटू लागतात. फॉक्सटेलच्या लहान रोपाची पाती एकाच पातळीत पसरलेली असतात, कोल्ह्याच्या शेपटीचा झुपका नंतर येतो. "शेपटी कुठाय?" असं मीही दादांना विचारलं होतं.

या बदलाकडे अडाण्याच्या नव्हे तर कवीच्या कुतूहलाने पाहणारा माणूस म्हणजे जर्मन कवी गटे. 1786 च्या सप्टेंबरमध्ये इटलीच्या प्रवासात तो पादुआच्या वनस्पती उद्यानात गेला. तिथे 1585 मध्ये लावलेला एक बुटका पंखापाम होता, भूमध्य सागराच्या काठावरचा. गटेला दिसलं ते असं की, बुंध्याकडचं पहिलं पान साधं, भाल्यासारखं, मग ते थोडं चिरलेलं, मग आणखी, आणि वर पुरता उघडलेला पंखा. त्याने माळ्याला ही सगळी मालिका क्रमाने कापून द्यायला लावली आणि ती पानं पुठ्ठ्यांत घालून तो सोबत घेऊन गेला. चार वर्षांनी, 1790 मध्ये, वनस्पतींच्या रूपांतरावरचं त्याचं पुस्तक आलं. वनस्पतीचे सगळे अवयव ही एकाच मूळ अवयवाची रूपं, हा त्यातला गाभा. ते झाड आजही तिथे आहे, अष्टकोनी काचघरात, आणि लोक त्याला गटेचा पाम म्हणतात.

आपल्या सह्याद्रीतला भेरली माड म्हातारपणी रूप पालटतो. माशाच्या शेपटीसारख्या पात्यांचं हे झाड वर्षानुवर्षं नुसतं वाढतं. मग पहिली पोय येते ती अगदी शेंड्याशी, आणि त्यानंतरच्या एकेक पेऱ्यावर खाली खाली येत जातात. मोकळ्या सोडलेल्या केसांसारखे ते लांब घोस लोंबत असतात आणि वरून झाड विरळ होत जातं. शेवटची पोय खालच्या टोकाला येऊन फळली की खोड मरतं. बागेत नवीन माळी असेल तर तो कीड समजून औषध मारत बसतो. मरणाचं औषध कोणत्याच दुकानात नाही. औषध हवं असतं ते गेंड्या भुंग्यावर. हा भुंगा न उलगडलेला कोंब कुरतडतो आणि महिन्याभराने ते पान उघडलं की त्यावर कात्रीने कापल्यासारखे नेटके त्रिकोण दिसतात. कागदाची घडी घालून कापलेल्या नक्षीचाच प्रकार. एका बंगल्यात मला ही 'वेगळी जात' म्हणून कौतुकाने दाखवली गेली होती. यजमानांचा चहा पीत असल्यामुळे मी गप्प बसलो.

ताडात नर वेगळा, मादी वेगळी. ताडगोळे मादीलाच. फुलोरा येईपर्यंत नुसतं पाहून दोघांतला फरक ओळखता येत नाही आणि तोवर लावणाऱ्याचे केस पिकायला लागलेले असतात.

आता असा एक फरक, ज्याला ना रक्त कारण ना माती. माडाची पानं खोडाभोवती फेर धरत येतात. काही माडांत हा फेर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जातो, काहींत उलट. खालून बघणाऱ्याला खूण मिळते ती पोयीवरून. झावळीच्या बगलेतून निघालेली पोय देठाच्या एका अंगाला कलते आणि एका झाडात सगळ्या पोया त्याच अंगाला कलतात. शेजारचं झाड कदाचित दुसऱ्या अंगाचं असतं. कोकणात किती पिढ्यांनी माड पाहिले असतील, पण या डाव्या-उजव्याचा हिशेब मांडला टी. अँटनी डेव्हिस यांनी. नारळावर हयात घालवलेले हे भारतीय शास्त्रज्ञ. डावखुरेपणा आईबापांकडून येतो का, हा त्यांचा प्रश्न होता. दोन डाव्यांची संतती, दोन उजव्यांची, डाव्या-उजव्याची, अशी सगळी मोजून त्यांनी 1962 मध्ये उत्तर दिलं की, येत नाही. आईबाप कुठलेही असोत, मुलांत डावे-उजवे जवळपास निम्मे-निम्मे. हा निबंध ज्या 'जर्नल ऑफ जेनेटिक्स'मध्ये आला त्याचे संपादक तेव्हा जे. बी. एस. हॉल्डेन होते, भारतात येऊन स्थायिक झालेले आणि असल्या साध्या, बिनखर्चाच्या मोजणीचं भारी कौतुक असलेले. पुढच्याच वर्षी डेव्हिस यांनी आणखी एक निबंध लिहिला, डावी झाडं उजव्यांपेक्षा जास्त नारळ देतात असा. नाणं हवेत उडवून काटा की छापा ठरावा आणि त्यावर माणसाची मिळकत ठरावी, तसंच हे.

मला हा अभ्यास फार आवडतो. फरक दिसला की आपण लगेच कारण शोधू लागतो आणि 'आईवर गेलाय' किंवा 'पाणी मानवलं नाही' एवढ्या दोन पेट्यांत तो टाकून मोकळे होतो. इथे दोन्ही पेट्या रिकाम्या राहतात. इवल्या कोंबात पहिली दोन पानं समोरासमोर आल्यावर तिसरं कुठल्या बाजूला सरकतं, तेवढ्यावर जन्माचा फेर ठरून जातो.

रक्ताचा फरक अगदी चोख पाहायचा असेल तर नारळाच्या रोपवाटिकेत जावं. केरळातली चौघाट ऑरेंज ही ठेंगणी जात आई घ्यायची आणि आपल्याकडे बाणवली म्हणतात तो उंच माड बाप. मोठ्या झाडांवर कुठल्या फुलाला कुठला पराग लागला हे नंतर कसं कळणार? कोंबाच्या रंगावरून कळतं. ठेंगणी जात बहुतेक स्वतःच्याच परागावर फळते, आणि तसं झालं असेल तर कोंबाचा देठ नारिंगी येतो. संकर झाला असेल तर तो हिरवट-तपकिरी. रोपवाटिकेतल्या बायका ओळीतून चालत जातात आणि नारिंगी रोपं बाजूला काढतात. प्रयोगशाळा नाही, यंत्र नाही. बिस्मार्क पामची छाननी अशीच पण उलट चालते. मादागास्करच्या या पामची काही रोपं हिरवी निघतात, काही चांदीसारखी. चांदी म्हणजे पानावरचं मेण. गिऱ्हाइकाला चांदीच हवी असते, त्यामुळे हिरवी भावंडं कोपऱ्यात, कमी भावाच्या ओळीत जातात.

जपानी लोकांनी मात्र सारखेपणाच्या मागे न लागता फरकच गोळा केले. एदो काळात चीनकडून आलेल्या रॅपिस पामला ते कान्नोनचिकु म्हणतात. पानावर पांढरी रेघ उमटलेलं, पाती आखूड आलेलं, असं एखादं पिल्लू निघालं की ते वेगळं काढायचं, नाव द्यायचं आणि पिल्लांवरूनच वाढवायचं, कारण बियांतून ती रेघ टिकण्याची खात्री नाही. असे शंभरावर प्रकार त्यांनी नोंदवून ठेवले आहेत. एका कुंडीत मावणारं झाड, पण त्याची वंशावळ घराण्यासारखी.

आणि मॉरिशस. मराठी माणसांच्या कित्येक पिढ्या जिथे नांदल्या ते हे बेट. त्याच्या उत्तरेला बाविसेक किलोमीटरवर राउंड आयलंड नावाचा खडक आहे. खऱ्या बॉटल पामचं रान तेवढंच. माणसांनी सोडलेल्या शेळ्या नि सशांनी तिथली कोवळी रोपं खाऊन टाकली आणि रानातले बॉटल पाम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. 1979 पर्यंत शेळ्या आणि 1986 पर्यंत ससे हटवले गेले, तेव्हा नवी रोपं वर यायला लागली. बागांमध्ये मात्र हा पाम जगभर आहे आणि तिथे त्याची पंचाईत वेगळीच. शेजारी रॉद्रिग्ज बेटावरचा चुलतभाऊ स्पिंडल पाम लावला असला की दोघांचा संकर होतो. त्यातून निघतात ती रोपं ना धड बाटली ना धड चाती.

याच कुळातली एक जात हायोफोर्बी अमारिकॉलिस. मॉरिशसमध्ये क्युरपिपच्या वनस्पती उद्यानात तिचं एक झाड आहे. एकच. जगात दुसरं कुठेही माहीत नाही. त्याची नर फुलं आणि मादी फुलं एका वेळी उमलत नाहीत, त्यामुळे त्याला स्वतःचा परागही सहसा उपयोगी पडत नाही. कधीमधी मिळालेल्या बियांतल्या भ्रूणांवर प्रयोगशाळेत खटपट झाली, रोपं बाटलीत वाढली आणि मातीत टिकली नाहीत. झाडाभोवती लोखंडी आधार उभा केलेला आहे, फुलांपर्यंत चढता यावं म्हणून. अभ्यासक वर चढतात, खोडाचा घेर मोजतात, पानांची लांबी लिहून घेतात. खोडाच्या बुंध्याला जो थोडा फुगवटा आहे तो या जातीचा की फक्त या झाडाचा, हे ताडून पाहायला शेजारी दुसरं झाड नाही.